मागच्या आखाचा अनेकान्त

मागच्या वर्षी सोयाबीन काढणीला आलं आणि गेलेला पाऊस परत आला. आमचं शेत मालेगाव तालुक्यात, शिरपूर जैनच्या अलीकडे. शेतातून डांबरी रस्त्याला लागायला अर्धा किलोमीटर पांदण आहे. गाडीत अठरा कट्टे होते. पांदणीच्या मध्यावर उजवं मागचं चाक चरात उतरलं आणि गाडी जागच्या जागी बसली.

गाडी बाबांची. जीपच्या चेहऱ्याची जुनी महिंद्रा पिकअप, १९९१ साली घेतलेली. पुढची चाकं नुसती वळतात, गाडी ढकलतात ती मागची दोन. पोराला स्टिअरिंगवर बसवून मी मागे गेलो. उजवं चाक भिंगरीसारखं फिरत होतं, काळ्या मातीचे गोळे माझ्या छातीपर्यंत उडत होते. टायरच्या खाचा इतक्या भरल्या होत्या की टायर लिंपलेल्या माठासारखा गुळगुळीत दिसत होता. डावं चाक मात्र मुरमाच्या उंचवट्यावर, कोरड्या जागी होतं. त्याच्याखाली धरायला जमीन होती, आणि तेच अर्धा फेराही फिरत नव्हतं. नंदीसारखं बसून होतं. इंजिन एक, शाफ्ट एक, आख एक. ज्याला चालता येतं ते उभं, ज्याला चालता येत नाही तेच धावतंय. त्या दिवशी ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. प्रश्न मात्र तिथेच रुतून राहिला.

मालेगावच्या मिस्त्रींनी गाडीखाली झोपूनच उत्तर दिलं. "भाऊ, तुहा डिफरन्शियल मोकळा हाय. मोकळा डिफरन्शियल फसेल चाकाले सारं देते अन् धरेल चाकाले काहीच देत नाही." मी म्हटलं, हँडब्रेक थोडा ओढून पाहिला असता तर? घसरणाऱ्या चाकाला अडवलं की जोर दुसरीकडे जातो, असं ट्रकवाले सांगतात. ते म्हणाले, "तुहा हँडब्रेक शाफ्टावर हाय, चाकावर नाही. त्यानं दोन्ही चाकाइले सारखंच धरशीन."

पुढे वाचल्यावर कळलं की मिस्त्रींचं म्हणणं अर्धं खरं आहे. मोकळा डिफरन्शियल जोर दोन्ही चाकांना सारखाच वाटतो. घसरणारं चाक चिखलावर जेवढा जोर लावू शकतं, तेवढाच दुसऱ्याला मिळतो. चिखलातल्या चाकाला पकडच नाही, म्हणून मुरमावरच्या चाकाच्या वाट्यालाही काही येत नाही. वेग मात्र सगळा फसलेल्याकडे जातो. डिफरन्शियलमधल्या मोठ्या चाकाचे, क्राउनचे, शंभर फेरे झाले तर फसलेलं चाक दोनशे फिरतं आणि उभं चाक शून्य. समान वाटणीमुळे गाडी फसते, हे समजल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होतो. लहानपणापासून मी समान वाटणीलाच न्याय समजत आलो होतो.

बाबांना हे वेगळं सांगावं लागलं नसतं. बंडीला एक बैल म्हातारा झाला की ते जू सरकवून त्याच्या बाजूचा हात लांब करायचे, म्हणजे त्याच्या मानेवर ओझं कमी येई आणि तरण्या बैलावर जास्त. दोघांना सारखं द्यायचं असं त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. जो ओढू शकतो त्याने जास्त ओढायचं. बंडीला डिफरन्शियल लागतच नव्हता, कारण आख स्थिर आणि चाकं आपापली फिरणारी. ओढ चाकातून नव्हे, बैलांतून यायची. चाकांनाच ओढायला लावलं तेव्हा अडचण आली. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं. माझ्या गाडीच्या दोन चाकांत साधारण १.२ मीटर अंतर आहे. एखाद्या देवळाला गाडीने पूर्ण प्रदक्षिणा घातली तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे साडेसात मीटर जास्त चालेल, मग देऊळ लहान असो की मोठं. दोन्ही चाकं एका दांड्याला घट्ट बांधली तर ते साडेसात मीटर कुठून काढायचे? एक चाक फरफटणार, टायर झिजणार, कधी तरी शाफ्ट तुटणार. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्यर यांनी वाफेच्या गाडीसाठी १८२८ मध्ये डिफरन्शियलचं पेटंट घेतलं ते यासाठी.

आमच्या घरी एकादशी आणि माळ. मी जैन नाही, पण शिरपूरच्या एका किराणा दुकानात माझी वीस वर्षांची उठबस आहे. त्या काकांसमोर मी चाकाची कथा सांगितली आणि कागदावर क्राउन, स्टार गिअर, दोन शाफ्ट असं चित्र काढून दाखवलं. ते बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एकाचे फेरे वाढते, दुसऱ्याचे तेवढेच कमी होते, अन् मधातलं चाक तसंच चालू राह्यते. बापू, आमच्या तत्त्वार्थसूत्रात उत्पाद, व्यय अन् ध्रौव्य सांगेल हाय. तू तेच काढलं."

त्या सूत्रात उमास्वातींनी सत् म्हणजे काय हे या तीन शब्दांत सांगितलं. प्रत्येक वस्तूत काही उपजत असतं, काही नाहीसं होत असतं, आणि त्याच वेळी काही टिकून असतं. यातलं एकच धरलं की वस्तू हातातून निसटते. इथूनच अनेकान्त निघतो. वस्तूला अनंत बाजू आहेत, आणि आपण बोलतो ते एका बाजूने. म्हणून विधानाआधी 'स्यात्' लावायचं.

माझी जुनी शंका मी काकांना तेव्हा विचारली. सगळेच आपापल्या बाजूने बरोबर असतील तर धरायचं काय? प्रत्येक मताला मोकळं फिरू दिलं तर ज्याला जमिनीची पकड नाही तेच सर्वांत जोरात फिरेल, आणि खरं मत मुरमावर उभं राहील. पांदणीत मी नेमकं हेच पाहिलं होतं. ही शंका माझी एकट्याची नव्हे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात जैन मताला हाच प्रश्न केला आहे. एकाच वस्तूत एकाच वेळी परस्परविरोधी धर्म कसे राहतील, आणि ज्ञान जर असं अनिश्चितच असेल तर माणूस कोणत्या भरवशावर पाऊल उचलेल? आक्षेप वजनदार आहे. बारा शतकं झाली, त्याची धार गेलेली नाही.

काकांनी तो उडवून लावला नाही. ते म्हणाले, "स्यात् म्हणजे 'असंल बॉ' नाही. स्यात् म्हणजे 'या बाजूनं पाह्यलं तर'. अन् त्या बाजूनं पाह्यलं तर ते पक्कं असते, डगमगत नाही." मग त्यांनी नय आणि दुर्नय यांतला फरक सांगितला. एका बाजूने पाहणं म्हणजे नय, त्यात दोष नाही. आपलीच बाजू खरी, बाकीच्या खोट्या, असं म्हणणारा नय दुर्नय होतो. म्हणजे अनेकान्त मोकळा डिफरन्शियल नाही, त्याला आतून एक अटकाव आहे. प्रत्येक बाजू आपल्या चालीने चालते, पण ती दुसरीला शून्यावर आणायला लागली की तिला धरलं जातं. त्या दुपारी माझी शंका पूर्ण मिटली असं मी म्हणणार नाही. पण गाडीत काय बसवायचं ते मला तिथे कळलं.

मिस्त्रींचा पहिला सल्ला स्वस्ताचा होता. स्टार गिअरला वेल्डिंग मारून टाकू, दोन्ही चाकं कायमची एक होतील, चिखलात गाडी थांबणार नाही. खर्च एका दिवसाच्या मजुरीचा. मी नाही म्हटलं. पांदण अर्धा किलोमीटर, डांबर चाळीस. मालेगावच्या चौकात प्रत्येक वळणाला ती गाडी कण्हत गेली असती. ट्रॅक्टरला पायाने दाबायचं डिफ-लॉक असतं, ते प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. सरळ रेषेत असताना दाबायचं, वळण्याआधी सोडायचं. जो विसरला त्याने अॅक्सल तोडला. एकान्ताचा, म्हणजे एकच बाजू घट्ट धरण्याचा, उपयोगही मला एवढाच वाटतो, चिखलातून निघेपर्यंत.

उरला मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल. त्याच्या दोन मुख्य जाती. एकीत क्लचसारख्या प्लेटींचे गठ्ठे असतात आणि त्यांच्यावर स्प्रिंगचा थोडा दाब कायम असतो. एक चाक जास्त पळायला लागलं की प्लेटी एकमेकींना धरतात आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. इंजिनचा जोर वाढला की पकडही वाढते. १९५६ च्या अमेरिकन पॅकार्ड गाड्यांत हा प्रकार आला. दुसऱ्या जातीत प्लेटी नसतात, मळसूत्री दात्यांचे गिअर असतात. व्हर्नन ग्लीसमन यांनी १९५८ मध्ये पेटंट मिळवलेली टॉर्सन ही त्यातली. ती झिजत नाही म्हणावी इतकी टिकते आणि वळणावर शांत असते. घसरणाऱ्या चाकाला जेवढी पकड आहे, तिच्या अडीच-तीन पट जोर ती दुसऱ्या चाकाला देते.

मला आधी हीच घ्यायची होती. पण तीन पट कशाची? एक चाक हवेत लटकलं तर त्याची पकड शून्य, आणि शून्याची तीन पट शून्यच. त्या चाकाने स्वतः थोडं तरी धरलेलं असावं लागतं. कीर्तनात ऐकलेलं मला इथे आठवलं, की कृपा अपार असली तरी हात आपणच पुढे करायचा असतो. मला ते पटतं. पण आमच्या पांदणीत चर इतके खोल आहेत की चाक खरोखरच अधांतरी राहतं, आणि अशा वेळी ज्याने काहीच धरलेलं नाही त्याच्यासाठीही आतून थोडा आधार हवा. प्लेटींवरचा तो स्प्रिंगचा दाब म्हणजे तो आधार. म्हणून मी प्लेटींचा घेतला.

महिंद्राने २०२० च्या थारमध्ये याहून वेगळी युक्ती दिली आहे. दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की आतली वजनं फाकतात आणि डिफरन्शियल आपोआप पूर्ण लॉक होतो, तोही फक्त कमी वेगात. उत्तम यंत्र आहे. माझ्या गाडीच्या हौसिंगमध्ये ते बसत नाही.

बसवायला तीन दिवस लागले. अॅक्सलचे दाते दोनदा मोजले, कारण दात्यांची संख्या जुळली नाही तर सगळा खर्च पाण्यात. क्राउन-पिनियनमधली फट पत्त्या घालून मिस्त्रींनी जुळवली, दात्यांना रंग लावून ठसा पाहिला, पुन्हा उघडलं, पुन्हा पत्ती बदलली. ते काम पाहताना मला नेम घेतलेल्या माणसाची आठवण येत होती. तेलही साधं चालत नाही. प्लेटींसाठी वेगळं औषध मिसळावं लागतं, नाही तर वळणावर मागून कडकड आवाज येतो. प्लेटी झिजतात, काही वर्षांनी उघडून भराव्या लागतात. ओल्या, कलत्या डांबरावर जोरात गेलात तर दोन्ही चाकं एकदमच बाजूला सरकू शकतात. मोकळ्यात निदान एक चाक जागा धरून राहायचं. हा तोटा खरा आहे आणि मी तो जाणून घेतला आहे.

शिरपूरबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख मला संपवता येत नाही. तिथे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही अशी श्रद्धा आहे. दिगंबर आणि श्वेतांबर, दोघांचाही देव. १९०५ साली दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. दोघांनी आपापल्या रीतीने पूजा करावी, पण एका घड्याळाला बांधलेलं राहावं. ती व्यवस्था टिकली नाही. वाद न्यायालयात गेला, १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला, पुढेही मिटला नाही. १९८१ ला मंदिराला कुलूप लागलं. मी लहान होतो तेव्हापासून लोक झरोक्यातून दर्शन घेताना पाहिले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये दार उघडलं, बेचाळीस वर्षांनी. न्याय कोणाच्या बाजूला आहे हे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि माझं ते मतही नाही. पण ज्या गावात मला स्यात् शब्दाचा अर्थ कळला, त्याच गावात दोन चाकं बांधणारा तो जुना आख तुटला, याचं दुःख माझ्यासारख्या बाहेरच्यालाही होतं. १९०५ ची ती वाटणी मला आजही त्या वादातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. तिची झीज झाली तेव्हा ती उघडून पुन्हा भरायला हवी होती.

या पावसाळ्यात पांदणीतून गाडी चार वेळा भरून बाहेर आली. उजवं चाक त्याच चरात उतरलं, अर्धा फेरा घसरलं, आणि डाव्याने मुरूम धरला.

ज्यांच्या जुन्या गाडीत असा डिफरन्शियल आहे किंवा जे बसवणार आहेत, त्यांना हात जोडून एक सांगणं आहे. एकच मागचं चाक जॅकवर उचलून, गाडी गिअरमध्ये टाकून इंजिन कधीही चालवू नका. मोकळ्या डिफरन्शियलमध्ये उचललेलं चाक नुसतं फिरतं. यात जमिनीवरचं चाकही ओढायला लागतं, आणि गाडी जॅकवरून उतरून अंगावर येते. दोन्ही चाकं उचला, पक्क्या घोड्यांवर ठेवा, मगच हात घाला.