किल्ली खिशात

पेरणीआधी रोटाव्हेटर जोडायची घाई असते. ट्रॅक्टर चालू ठेवूनच कुणीतरी अवजार फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टला हात घालतो. हा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9! उपरण्याचं टोक गुंतलं तर ‘अरे’ म्हणायचीही सवड मिळत नाही.

आधी पीटीओ बंद, मग इंजिन, किल्ली खिशात. दांडा पूर्ण थांबू द्या. खाचांना ग्रीसचं बोट लावा, पिन दाबून शाफ्ट सरकवा. ‘खट्’ वाजलं तरी एकदा मागे ओढून बघाच. सोडवतानाही हेच, उलट तेव्हा अंग दमलेलं असतं, म्हणून जास्तच जपायचं. आणि शाफ्टवरचं ते प्लॅस्टिकचं कव्हर? अडचण म्हणून काढून गोठ्यात टाकलं असेल, तर आजच बसवून घ्या.