पाप पाण्यात की पानात?

फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला कॅशिने नावाची मोठी बाग आहे. तिच्या टोकाशी मुन्योने ही लहानशी नदी आर्नोला मिळते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा आटोपून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच शहरातल्या हॉटेलात वारले. वय वीस. इटलीत तेव्हा दहनाची रीत नव्हती, म्हणून खास परवानगी काढावी लागली आणि रात्रीच्या अंधारात या संगमावर चिता रचली गेली. पुढे १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. तिची रचना चार्ल्स मँटची, म्हणजे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने आखला त्याचीच, आणि आतला अर्धपुतळा चार्ल्स फुलरचा. शंभरेक वर्षांनी जवळच आर्नोवर पूल झाला, त्यालाही इटालियन लोकांनी ‘भारतीयाचा पूल’ असंच नाव दिलं.

त्या रात्री चिता रचणाऱ्यांनी धर्मशास्त्रातला एक अवघड प्रश्न कुणालाही न विचारता सोडवून टाकला होता. कोल्हापूरजवळचा प्रयाग चिखलीचा संगम हजारो मैल दूर, मग समोर आहे तो संगम चालेल का? त्यांनी ठरवलं, चालेल. दोन नद्या मिळतात तिथे संगम. पुण्य भूमीला चिकटलेलं असतं, असं मानणाऱ्या धर्मात हा निर्णय लहान नव्हता. कारण समुद्र ओलांडला की धर्म किनाऱ्यावरच राहतो, अशी तेव्हाची ठाम समजूत.

ही समजूत आली कुठून? बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केली आहे आणि त्यासाठी तीन वर्षांचं कडक प्रायश्चित्त सांगितलं आहे. पण हाच बौधायन दुसरीकडे समुद्रप्रवास ही उत्तरेकडच्या लोकांची खास चाल म्हणून नोंदवतो. म्हणजे लोक जातच होते. मनुस्मृतीचा मामला आणखी गमतीचा. तिसऱ्या अध्यायात समुद्रावर जाणारा माणूस श्राद्धाच्या पंगतीतून बाद, आणि आठव्या अध्यायात व्याजाचा दर ठरवताना समुद्रप्रवासात मुरलेल्या जाणकारांचा शब्द प्रमाण. जेवायला नको, हिशेबाला हवा.

मध्ययुगात ‘कलिवर्ज्य’ ही कल्पना रुजली. पूर्वी चालत होतं पण कलियुगात चालणार नाही, अशा आचारांच्या याद्या निबंधकारांनी केल्या आणि द्विजांची समुद्रयात्रा त्यांत जाऊन बसली. काहींनी तर प्रायश्चित्त घेऊनही अशा माणसाला व्यवहारात घेऊ नये, इथपर्यंत मजल नेली. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात हा सगळा पसारा उलगडून मांडला आहे. कलिवर्ज्यांच्या एका प्रसिद्ध यादीत चक्क संन्यासही आहे. तरीही संन्यासी पीठांवर बसत राहिले, त्यांच्या पालख्या निघत राहिल्या आणि समुद्रप्रवास केलेल्यांना प्रायश्चित्त कोणतं याचा निवाडाही त्यांच्याकडेच मागितला गेला. या विसंगतीवर फारसं कुणी बोट ठेवलं नाही. यादीतलं कोणतं कलम पाळायचं आणि कोणतं विसरायचं हे ग्रंथाने ठरत नव्हतं.

आणि हा नियम सगळ्यांचा नव्हताच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या लोटणाऱ्या कोळ्यांना कुणी कलिवर्ज्य सांगायला गेलं नाही. मुंबईच्या बंदरातून पिढ्यान्‌पिढ्या हाजी जहाजाने निघत. १९९५ पर्यंत ही जलयात्रा चालू होती. त्यांना तेच पाणी फर्जाच्या, म्हणजे धर्मकर्तव्याच्या, वाटेवरचं. खुद्द शिवाजी महाराज १६६५ मध्ये आरमार घेऊन बसरूरच्या मोहिमेवर समुद्रमार्गे गेले आणि परतताना गोकर्णाला थांबून त्यांनी देवदर्शन घेतलं. एकाच पाण्याचा एकाला विटाळ होतो आणि दुसऱ्याला त्यातूनच पुण्य लाभतं, तर मग दोष पाण्याचा नसावा, अशी शंका यायला हवी.

दोष होता ताटाचा.

राघोबादादांनी आपली कैफियत मांडायला वकील इंग्लंडला पाठवले, ती गोष्ट १७८१ ची. त्यांत हणमंतराव नावाचे ब्राह्मण होते. लंडनमध्ये त्यांची आबाळ होते आहे असं पाहून एडमंड बर्क या खासदाराने त्यांना आपल्या गावच्या घरी नेलं आणि बागेतलं काचेचं झाडघर त्यांना मोकळं करून दिलं. कशासाठी? स्वतःचं अन्न स्वतः शिजवता यावं आणि स्नानसंध्या करता यावी म्हणून. परधर्मी गृहस्थाला जे उमगलं, ते घरच्यांना पुरेसं वाटलं नाही. परतल्यावर सोन्याच्या योनीतून बाहेर काढून, म्हणजे नवा जन्म देऊन, हणमंतरावांना शुद्ध करून घेण्यात आलं.

शंभर वर्षांनी, १८८३ च्या एप्रिलमध्ये, दोन मराठी स्त्रिया थोड्या दिवसांच्या अंतराने जहाजात बसल्या. आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, पंडिता रमाबाई इंग्लंडला. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणूनच जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असं ठणकावून सांगितलं होतं. त्यांनी तो शब्द पाळला. रमाबाईंनी त्याच सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला. दोघींनी समुद्र ओलांडला. एकीचा धर्म टिकला, दुसरीने विचारपूर्वक बदलला. समुद्राने काहीच ठरवलं नाही. आनंदीबाई डॉक्टर होऊन १८८६ च्या अखेरीस परतल्या, तेव्हा कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमलं होतं. परदेशगमन केलेली ब्राह्मण स्त्री एका संस्थानाला दवाखान्यात चालणार होती. पण रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला.

त्यांचे पती गोपाळराव हे वल्ली गृहस्थ. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये त्यांनी बड्या मंडळींना व्याख्यानाच्या निमित्ताने जमवलं, चहा-बिस्किटं पुढे आली, आणि मग कोण कोण हजर होतं त्याची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. त्यांत रानडे होते, टिळक होते. मोठं ग्रामण्य झालं. चौकशीसाठी संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांनी माणसं धाडली आणि प्रायश्चित्तं सुनावली गेली. यातल्या कुणीही त्या दिवशी मुठेपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, समुद्र तर दूरच. एक पेला चहा पुरला. समुद्रबंदी खरोखर कशाची होती हे समजून घ्यायला पोथ्यांपेक्षा हे चहाचं प्रकरण अधिक उपयोगी पडतं. जहाजात शिजवतो कोण, वाढतो कोण, शेजारी बसून जेवतो कोण, यातल्या कशावरच आपला ताबा राहत नाही. भीती त्याची होती.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी हिंदुस्थानातून राजे निघाले. जयपूरच्या सवाई माधोसिंगांनी ‘ऑलिंपिया’ हे नवं कोरं जहाज भाड्याने घेतलं आणि चांदीच्या प्रचंड घागरींत गंगाजल भरून बरोबर नेलं. त्यातल्या दोन आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहायला मिळतात. एकेकीचं वजन ३४५ किलो. म्हणजे देश सोडायचाच नाही, देशच जहाजावर चढवायचा. हा तोडगा हास्यास्पद नाही, त्यात एक प्रामाणिक तर्क आहे. पण तो चांदीवाल्यांनाच परवडणारा.

त्याच समारंभाला कोल्हापूरचे शाहू महाराज गेले. वेदोक्ताचा वाद तेव्हा ऐन भरात होता. राजघराण्याला वेदमंत्रांचा अधिकार आहे की पुराणोक्तच विधी, यावरून राजोपाध्यांशी फाटलं होतं. या प्रवासात महाराज फ्लॉरेन्सला आपल्या दत्तक आजोबांच्या छत्रीपाशीही जाऊन आले. आणि ते इंग्लंडात असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, मागास वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापून आला. समुद्रापलीकडे गेलेला राजा धर्मभ्रष्ट होतो की नाही यावर खल करणाऱ्यांना खरा हादरा मायदेशी छापलेल्या कागदाने बसला. पुढे गंगाराम कांबळे या दलित गृहस्थाला महाराजांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढून दिलं, स्वतः तिथला चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजत. पुण्याच्या चहाला हे कोल्हापूरचं उत्तर म्हणायला हरकत नाही. समुद्र मध्ये न आणता मूळ प्रश्नालाच हात घातला गेला.

आज कोल्हापूरकर हौसेने क्रूझला जातो, तेव्हा प्रायश्चित्ताचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागलं. १९९० मध्ये परदेशी कंपनीसाठी बांधलेलं हे जहाज उतारवयात अरबी समुद्रात आलं. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर. तरी एक दिवस आधी पोचलेलं बरं. गाडी लेट झाली म्हणून जहाज थांबत नाही.

बुकिंग करताना जाहिरातीतला आकडा पाहू नये, शेवटचा पाहावा. बंदरशुल्क, जीएसटी आणि सेवकांची बक्षिसी पुष्कळदा वेगळी लागते, आणि दर एका खोलीत दोघं धरून माणशी असतो. पोटात ढवळण्याची सवय असलेल्यांनी मधल्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची खोली मागावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात. बाल्कनीच्या मोहात टोकाची खोली घेऊन पुढे दोन दिवस आडवं पडण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. देशातल्या फेरीला सरकारी ओळखपत्र चालतं, परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट लागतोच. पहिल्याच दिवशी भोंगा वाजतो आणि सगळ्यांना ठरल्या जागी जमवतात. ती बचावाची कवायत चुकवू नये. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातून हे नियम आले आहेत.

जुना प्रश्न मात्र बुकिंगच्या अर्जात अजून जिवंत आहे: शाकाहारी, मांसाहारी की जैन? घरचा शिजवलेला डबा बहुतेक जहाजांवर आत नेऊ देत नाहीत. खोलीत शेगडी, निरांजन, उदबत्ती यांना मनाई, कारण जहाजावर आगीइतकं भय कशाचंच नाही. म्हणजे हणमंतरावांना मिळालेलं झाडघर आज कुणालाच मिळत नाही. सगळ्यांचं एकाच मुदपाकखान्यातून येतं. तिथे गोव्याचा स्वयंपाकी असेल, फिलिपिन्सचा असेल, इंडोनेशियाचा असेल. प्रवासी विचारतो ते एवढंच, की भांडी वेगळी आहेत का आणि भाजीत लसूण आहे का. रांधणाऱ्याची जात, धर्म, देश तो विचारत नाही. ताटात काय आहे हा प्रश्न उरला, ताट कुणाच्या हातचं हा गळून पडला. सगळं कर्मकांड गेलं म्हणून हळहळणाऱ्यांनी आणि अजून सोवळं सुटत नाही म्हणून हसणाऱ्यांनीही हा फरक नीट पाहावा. पहिल्या प्रश्नात आहाराचा विवेक असू शकतो. दुसऱ्यात माणसाची पायरी ठरवण्यापलीकडे काही नव्हतं. गावाकडे तो पुरता गळला आहे का, हे मात्र जहाजावरून सांगता येणार नाही.

उरली तिथी. लांबच्या जगप्रदक्षिणेला निघालेल्यांना पॅसिफिकमध्ये एक चमत्कारिक अडचण येते. आंतरराष्ट्रीय वाररेषा पश्चिमेकडे जाताना ओलांडली की कॅलेंडरातला एक अख्खा दिवस गायब होतो. तो नेमका एकादशीचा निघाला तर? घाबरण्याचं कारण नाही. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यामधल्या अंतरातला बारा अंशांचा एकेक टप्पा. तो सगळ्या पृथ्वीला एकाच क्षणी पुरा होतो, तारखेच्या रेषेशी त्याचा संबंध नाही. उपवास कोणत्या दिवशी धरायचा ते जिथे असाल तिथल्या सूर्योदयावर ठरतं. कोल्हापूरची वेळ धरून छापलेलं पंचांग तिथे जसंच्या तसं वापरलं तर चुकेल, तिथल्या सूर्योदयाप्रमाणे पाहिलं तर एकादशी चुकत नाही. फळं आणि उकडलेले बटाटे बुफेत बहुधा मिळून जातात. साबुदाण्याची खिचडी हवी असेल तर मात्र बुकिंगच्या वेळीच लेखी कळवून ठेवावं.