काळ्या दगडावरची रेघ

एखादी गोष्ट बदलणार नाही असं ठासून सांगायचं असलं, की आपण तिला 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतो. भोकरदनच्या शिवारात विहीर खणताना मुरूम संपला की हाच काळा दगड लागतो. पहार हटते, मग सुरुंग लावावा लागतो. त्याच्या पोटात मात्र एक रेघ आहे, आणि ती कुणा माणसानं ओढलेली नाही.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा दगड लाव्हा होता. तो निवत ५८० अंश सेल्सियसच्या खाली आला, तशी त्यातल्या लोहखनिजाच्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरली, ती पुन्हा सोडली नाही. शास्त्रज्ञांनी दिशेची ही रेघ वाचली, तेव्हा सह्याद्रीच्या खालच्या पुष्कळ थरांत ती आजच्या उलट निघाली, वरच्या थरांत आजच्यासारखी. थर साचत होते तेवढ्यात उत्तर-दक्षिणेची अदलाबदल झाली होती! पृथ्वीच्या गाभ्यात वितळलेलं लोखंड सतत घुसळलं जात असतं, त्यातूनच हे क्षेत्र उपजतं; ते स्थिर राहावं तरी कसं? असा शेवटचा पूर्ण पालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचा.

या क्षेत्रातले रोजचे बारीक बदल टिपायला मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेनं १८४१ पासून नोंदी ठेवल्या. विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकसुई बिघडणार म्हटल्यावर हे काम १९०४ साली अलिबागला गेलं. तिथल्या इमारतीला आपला काळा दगड चालला नाही. पोरबंदरचा अचुंबकीय दगड आणावा लागला. जुनं इतकं घट्ट धरून ठेवणारा शेजारी असला, तर सुई आजचं खरं सांगेल कशी? साक्षीदार म्हणून हा दगड अव्वल. पण मोजणीच्या खोलीत त्याला मज्जाव. ज्यांची स्मरणशक्ती दांडगी, त्या माणसांचंही कधीकधी असंच होतं.

भोकरदन म्हणजे सातवाहनकाळचं भोगवर्धन. इथल्या उत्खननात त्या काळची मातीची भांडी निघाली. भट्टीत तापलेली मातीही निवताना तेव्हाच्या क्षेत्राचा जोर कणांत साठवून ठेवते. पुन्हा तेवढीच तापवली, तर जुनी खूण पुसून नवी उमटते. काळ्या दगडाचंही तेच. त्याच्या पोटातली रेघ कायमची वाटते, कारण इतक्या वर्षांत त्याला पुन्हा तेवढी आच लागलेली नाही.