पुडी परत पाठव

म्हसवड,
पौष महिना

चि. बाळास, थोरल्या अप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन मध्येच तुटला आणि मग लागलाच नाही. तुझी चुलती तेव्हापासून सारखी विचारतेय, पोरगं जेवलं असेल का, थंडीत उघड्यावर कसं झोपत असेल. मला मात्र दुसरीच काळजी लागली आहे. फोन तुटायच्या आधी तू म्हणालास, "अप्पा, लांडग्यासाठी औषधाची पुडी आणून ठेवलीय. आता एखादी मेंढी पडली की तिलाच लावतो, एकदाचं मिटेल." त्यावर मला बोलायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र. तुझा मामा उद्या मेंढ्या कोंडायची नवी वाघर आणि लसीचा डबा घेऊन पुरंदरकडे निघतोय, त्याच्याजवळ देतो. घाईत वाचू नकोस. संध्याकाळी मेंढ्या कोंडून झाल्या की निवांत वाच.

आधी हे सांगतो की तुझं दुःख मला कळतं. तीन कोकरं गेली, दोन मेंढ्या फाडल्या, त्यातली एक गाभण. त्या मेंढीला तू बाटलीनं दूध पाजून वाढवलंस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लोक म्हणतील, जनावरच ते, दुसरं घे. त्यांनी कधी मेंढ्यांच्या वाड्यावर रात्र काढलेली नाही. तुझ्या रागाला मी नावं ठेवणार नाही.

पण पोरा, पस्तीस वर्षं मी जनावरांच्या दवाखान्यात काढली. त्यामुळे तू सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. कोकरं गायब झाली, मागमूस नाही. ती लांडग्यानं उचलली असतील, मान्य. पण मेंढ्या मागच्या मांडीला आणि कासेला फाडल्या होत्या, आणि तशाच टाकून दिल्या होत्या, असं तूच म्हणालास. लांडगा बहुतेक वेळा नरड्याला धरतो. मागून लचके तोडायचे आणि न खाता पुढची धरायची, हे काम जास्त करून गावातल्या मोकाट कुत्र्यांचं. माझी खात्री नाही, मी जखमा पाहिल्या नाहीत. पण तुझीही खात्री नाही, लेकरा. अंधारात दोन डोळे चमकले एवढंच तू पाहिलंस.

आणि औषध तर कुणालाच ओळखत नाही. नोकरीत असताना एका माळावर मला बोलावलं होतं. कुणीतरी मेलेल्या शेळीला पिकावरचं औषध लावून ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा भोवती कावळे पडले होते, दोन घारी, एक कोल्हा, आणि शेजारच्या वाड्यावरची राखणीची कुत्री. तिच्या तोंडाला फेस होता आणि तिची पिल्लं तिला चोखत होती. लांडगा त्यात नव्हता. त्या वाड्यावरच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "डॉक्टर, काही करता येईल का?" मी डॉक्टर नव्हतो, साधा पशुधन पर्यवेक्षक होतो, आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढं तीन महिने त्याच्या खांडाला राखण नव्हती. तुझी काळी कुत्री आठव आणि मग त्या पुडीकडे बघ.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तुझ्या बापालाही कधी सांगितली नाही. मी सातवीत असेन. माळावरच्या घळीत लांडग्याचं बीळ सापडलं. गावातली मोठी माणसं निघाली, त्यांच्यामागं आम्ही पोरं. तोंडाशी काटक्या पेटवल्या, धूर आत सोडला, वर दगड रचले. मीही दगड आणून दिले. त्यानंतर तीन रात्री मादी त्या घळीवर येऊन ओरडत होती. चौथ्या दिवशी आमचे आबा मला हाताला धरून तिथं घेऊन गेले. रागावले नाहीत. आम्ही दोघांनी दगड काढले. चार पिल्लं होती, डोळेही नीट उघडलेले नव्हते. आबांनी खड्डा केला, मी माती लोटली. आणि त्या सालीही आमची कोकरं गेलीच.

आबा म्हणायचे, खांडात लांडग्याचा एक वाटा असतो, तो धरूनच हिशेब करायचा. हे बोलणं चांगलं आहे, पण आज ते तुला जसंच्या तसं सांगायला माझी जीभ रेटत नाही. आबांच्या वेळी माळ अफाट होता. ससे होते, चिंकारा होता, लांडग्याला मेंढीशिवाय खायला होतं. मेंढ्यांवर कर्ज नव्हतं. तुझ्या खांडावर सोसायटीचं कर्ज आहे, लेकीच्या शाळेची फी आहे. लांडगा जगला पाहिजे असं सगळ्या देशाला वाटत असेल, तर त्याचा वाटा एकट्या धनगरानं का भरायचा? सुटीच्या दिवशी कॅमेरे घेऊन लांडगा बघायला पुण्याहून गाड्या येतात, बघू देत बापडे. पण ज्याच्या मेंढीवर तो लांडगा जगतो, त्याची भरपाई वेळेत मिळाली का, हे त्यातल्या किती जणांनी विचारलं? माझ्या हातून कितीतरी पंचनामे झाले, आणि पैसे येईपर्यंत वाडा चार तालुके पुढे गेलेला असायचा. चिडावं तर ह्यावर. इथं मी तुझ्या बाजूनं भांडायला उभा आहे, पाय दुखत असले तरी.

तुझ्या पुण्याच्या भाचीनं मला हल्ली बरंच वाचून दाखवलं. इंग्रजांच्या काळात लांडगा मारला की सरकार बक्षीस द्यायचं. महेश रंगराजन नावाच्या इतिहासकारांनी हिशेब मांडलाय, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाखांवर लांडगे मारले गेले. आज सगळ्या भारतात किती उरले असतील? भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे सुमारे ३,१००. म्हणजे वाघांपेक्षाही कमी, आणि वाघाला निदान अभयारण्य आहे. हा बिचारा तुझ्या-माझ्यासारखा उघड्या माळावर. युरोपात वीस हजारांच्या वर लांडगे आहेत, म्हणून २०२५ मध्ये तिथं त्याचं संरक्षण एक पायरी खाली आणलं. तो वाद त्यांचा त्यांनी घालावा. आपल्याकडं एका पुडीनं अख्खी टोळी जाते, आणि ह्या दिवसांत तर बिळात पिल्लं असतात. आई मेली की ती भुकेनं मरतात. घळीवरच्या त्या मादीची हाक मला अजून ऐकू येते, म्हणून हे लिहितोय.

तू विचारशील, मग लांडगा कधीच मारू नये का? तसं मी म्हणत नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशात बहराईचच्या महसी भागात लांडग्यांनी घराघरातून लेकरं उचलली. ज्या आईचं मूल गेलं तिच्यापुढं उभं राहून लांडगा वाचवा म्हणायची माझी हिंमत नाही. १९७२ चा कायदाही तसं म्हणत नाही. लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, तरी माणसाच्या जिवाला धोका झाला तर मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायची परवानगी देऊ शकतो, आधी पकडता येतो का हे पाहून. पण मेंढीसाठी तशी परवानगी नाही. मला हा फरक पटतो. लेकरू परत येत नाही. मेंढीची किंमत भरून देता येते, फक्त ती खरोखर भरून दिली पाहिजे. आणि बहराईचलासुद्धा नेमका दोषी कोणता, हे शोधताना वनखात्याच्या नाकी नऊ आले. तू एका पुडीत तो निवाडा कसा करणार? वर पकडला गेलास तर तीन ते सात वर्षं आत. तुझ्या बायकोनं एकटीनं खांड हाकायचं का?

माळाचंही थोडं ऐक. सरकारी कागदावर आपला माळ 'पडीक' आहे. तिथं कुणी झाडं लावतं, कुणी प्लॉट पाडतं, कुणी सोलरच्या ताटल्या मांडतं. गवत गेलं की लांडगा जातो आणि तुझं चरणंही जातं. तुझी आणि त्याची भाकरी एकाच माळावर आहे, बाळा. लांडग्याचं रान म्हणून माळ राखायची भाषा आता कुठं सुरू झाली आहे. त्यात धनगराची चराईही राखा, हे आपणच सांगायला हवं. हातात विषाची पुडी असली तर आपलं कोण ऐकेल?

आता कामाचं. नवी वाघर दुहेरी गाठीची आहे, खालची कड खुंट्यांना घट्ट बांध. कोकरं मध्ये, म्हाताऱ्या मेंढ्या कडेला. गावाच्या उकिरड्यापासून लांब तळ टाक, कुत्री तिथूनच येतात. डब्यात मेंढ्यांची लस आहे, आणि कुत्र्यांसाठी डिस्टेंपर नि रेबीजची वेगळी. आपल्या कुत्र्यांचे रोग लांडग्यांनाही लागतात. बर्फ वितळायच्या आत तिथल्या दवाखान्यातून टोचून घे. परत मेंढी पडली तर जागची हलवू नकोस. मोबाइलवर जखमेचे, पायठशांचे फोटो काढ, १९२६ वर फोन कर, वनरक्षकाला बोलाव. फोटो मलाही पाठव, दात कुणाचे ते मी सांगीन. अर्ज मी इथून लिहून देतो आणि मागे लागतो. मला आता दुसरं काम तरी काय आहे.

इकडं सगळं ठीक. बाजरी बरी झाली. धाकटा एडका शेजाऱ्याच्या फाटकाला धडका देतो, शिंग मोडून घेणार एक दिवस. तुझी आई यंदा सिद्धनाथाच्या रथाला जाऊन आली, तुझ्या नावानं गुलाल-खोबरं उधळलं. चुलतीनं तिळाच्या वड्या दिल्यात, डब्यात वरच्या बाजूला आहेत.

मामा दोन दिवस राहील. परत येताना ती पुडी त्याच्या हातात दे, प्लॅस्टिकमध्ये नीट बांधून, आणि नंतर साबणानं हात धू. ज्या दुकानातून आणलीस त्याचं नाव सांगू नकोस, मी विचारणारही नाही. काळीच्या पायात काटा गेला होता म्हणालास, तो निघाला का तेवढं कळव.

तुझा,
थोरला अप्पा