किंचित चढा सूर

आमचा पाच-सहा जणांचा एक कंपू आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, एकाने आपला आवडता जॅझ अल्बम आणायचा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तो सलग ऐकायचा आणि मग मनसोक्त बोलायचं. आमच्यात वयाने सगळ्यात मोठे काका. गेल्या खेपेला त्यांनी माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' आणला. १९८४ साली पहिल्या पगारातून घेतलेली एलपी.

पहिली बाजू संपली. काका डोळे मिटून बसले होते. आणि मी म्हणालो, "काका, ही बाजू चुकीच्या वेगात आहे, माहितीये ना?"

माहिती खरी होती. या बाजूवरच्या तिन्ही रचना २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झाल्या, तेव्हा मुख्य टेप मशीन जरा हळू चालत होतं. अशी टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की संगीत जलद होतं आणि सूर किंचित चढतो. १९९२ साली जोडीच्या मशीनवरची टेप वापरून ही चूक सुधारली गेली. आमच्या भाषेत, ३३ वर्षांनी बग फिक्स झाला.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी काय ऐकलं रे?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. मी खोटं बोललो नव्हतो. मग अपराधी का वाटतंय?

खरं लपवायला हवं होतं, असं मला वाटत नाही. त्याच बाजूवर 'ब्लू इन ग्रीन' आहे. एलपीवर रचनाकार म्हणून एकट्या डेव्हिस यांचं नाव होतं. पियानोवादक बिल एव्हान्स मात्र ती रचना आपली असल्याचं पुढे सांगत राहिले. हे काकांना माहीत नसतं, तर रसभंग झाला तरी सांगायलाच हवं. तिथे तिसऱ्याच माणसाचं देणं आहे. काकांच्या आनंदासाठी ते बुडवायचा हक्क मला नाही.

वेगाच्या चुकीत असं कुणाचं काही बुडत नव्हतं. वादकांनी खरोखर वाजवलेला सूर काकांनी एकदा ऐकावा, हे मान्य. पण ते चहा घेताना सांगता आलं असतं. "दोन्ही लावून बघूया का?" असंही म्हणता आलं असतं. ऑफिसात कोड रिव्ह्यूला आलेल्या कामातली चूक दाखवणं हीच मदत असते, कारण समोरच्याने तेच मागितलेलं असतं. काकांनी रेकॉर्ड तपासायला आणली नव्हती. ते आम्हाला त्यांच्या आयुष्यातली चाळीस वर्षं ऐकवत होते. आणि मला सत्य सांगायची घाई नव्हती. मला ते माहीत आहे, हे सांगायची होती.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येईल. त्यांनी 'काइंड ऑफ ब्लू'च ऐकला. १९९२ च्या आधी ज्यांनी ज्यांनी त्याच्यावर जीव लावला, त्यांनी याच चढ्या सुरावर लावला. टेपची चूक खरी होती, तसं त्यांचं ऐकणंही खरं होतं.

काल काकांना फोन केला. विचारलं, "त्या दिवशी डोळे मिटून काय ऐकत होतात?"

ते पाऊण तास बोलले. मी मध्ये एकदाही बोललो नाही.