हरवलेले ४७ व्होल्ट

माणदेशातल्या एका वस्तीवर दोन भाऊ मिळून डाळिंब करायचे. जमीन वाटलेली नव्हती. विहीर एक, मोटार एक. मीटरची पेटी थोरल्याच्या घराला लागून आणि विहीर खाली ओढ्याकाठी, ३०० मीटरवर. सिंगल फेजची दीड एचपीची मोटार उन्हाळा लागला की जळायची. पहिल्यांदा जळली तेव्हा दोघांनी मिळून ती रिवाइंडिंगला नेली. दुसऱ्यांदा थोरला एकटाच गेला आणि येताना मनाशी ठरवून आला, की चूक धाकट्याची. विहिरीवर तोच असतो, तारेचे जोड त्यानेच घातलेत, ते ढिले असणार. धाकट्याचं म्हणणं, दादानं स्वस्तातली मोटार गळ्यात मारली. तिसऱ्यांदा जळली तेव्हा घरात वाटणीची भाषा सुरू झाली.

तालुक्याच्या गावी मोटारी भरून देणारा एक वयस्कर मिस्त्री होता. त्यानं जळकं तांबं काढलं, नवी कॉइल भरली, वार्निश देऊन वाळवली. पण मोटार हवाली करताना थोरल्याला म्हणाला, "बसवायला मी सोबत येतो. तीनदा जळली म्हंजे रोग मोटारीत न्हाई." जळक्या मोटारींवर त्याचं पोट होतं. गप्प राहिला असता तर चौथ्यांदाही हीच मोटार त्याच्याच दुकानात आली असती. तरी तो मे महिन्याच्या उन्हात फटफटीवर मागे बसून वस्तीवर आला. अशा माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

मोटार बसली, सुरू झाली. मिस्त्रीनं एक मीटर थोरल्याच्या हातात देऊन त्याला पेटीपाशी उभं केलं, दुसरा घेऊन स्वतः विहिरीवर गेला. फोनवरून एकाच वेळी आकडे घेतले. पेटीत २२५ व्होल्ट, मोटारीच्या टोकाला १७८. टाँग टेस्टर तारेभोवती धरला, तो १० अँपिअर दाखवत होता.

"सत्तेचाळीस व्होल्ट वाटंत राहिलं," मिस्त्री म्हणाला. "वर बी न्हाईत, खाली बी न्हाईत. तारेनं खाल्लं." मग वहीच्या पाठकोऱ्या पानावर त्यानं भागाकार मांडला. ४७ भागिले १०, म्हणजे तारेचा रोध ४.७ ओहम. एसी विजेत हा भागाकार काटेकोर नसतो, पण कपॅसिटरवर चालणाऱ्या अशा मोटारीला फरक थोडाच पडतो. दहाचा वर्ग गुणिले ४.७, म्हणजे ४७० वॉट. मोटार चालू असेल तेव्हा दर तासाला जवळजवळ अर्धा युनिट पाण्याला न लागता नुसता तार तापवण्यात जात होता.

थोरला खाली आला होता. तो लगेच म्हणाला, "मग जोडच ढिलं असणार की!"

मिस्त्रीनं त्याला थांबवलं. आधी तारेचा स्वतःचा हिशेब करू, मग जोडाकडं बघू. तांब्याची एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाडीची तार घेतली, तर साधारण २० अंश तापमानाला तिचा रोध ०.०१७२ ओहम भरतो. लांबी वाढेल तसा तो वाढतो, जाडी वाढेल तसा घटतो. इथं तार अडीच चौरस मिलिमीटरची. लांबी ३०० मीटर नव्हे, ६००, कारण करंट एका तारेनं जातो आणि दुसरीनं परत येतो. परतीची वाट धरायला बरेच जण विसरतात. ०.०१७२ गुणिले ६००, भागिले अडीच. उत्तर आलं ४.१३ ओहम.

मोजून ४.७, हिशेबानं ४.१३. साडेपाच-पावणेसहा व्होल्टांचा फरक उरला. थोरल्यानं त्या फरकावर बोट ठेवलं. "ह्योच तो जोड."

फरक समोर दिसत असताना तो कुणाच्या तरी नावावर टाकायचा मोह फार जबर असतो. गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकालाही १८२५ साली आधी चुकीचंच सूत्र मिळालं होतं. बॅटरीचा दाब टिकत नव्हता, त्यामुळे आकडे सरकत होते. त्यानं बॅटरी सोडून बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली, तिचं एक टोक उकळत्या पाण्यात नि दुसरं बर्फात ठेवलं, आणि स्थिर दाबावर वेगवेगळ्या लांबीच्या तारा पुन्हा मोजल्या. १८२७ साली ग्रंथरूपानं छापलेला त्याचा नियम आज नववीची मुलं शिकतात.

मिस्त्रीही तसाच थांबला. "अर्धा ओहम एका जोडात असता तर पन्नास-साठ वॉटची उष्णता तेवढ्या बोटभर जागंत निघाली असती. टेप वितळून गेला असता." मोटार बंद करवून, मेन स्विच खाली पाडून तो प्रत्येक जोडाशी गेला. टेप शाबूत होता. जोड तापले होते, पण बाकी तारेइतकेच. आणि बाकी तार खडकावर उन्हात पडलेली, हात लावू देत नव्हती. तांबं एका अंशानं तापलं की त्याचा रोध शेकडा ०.४ वाढतो. वीस अंशांऐवजी पंचावन्न धरले, तर ४.१३ चे ४.७ होतात. उरलेला फरक उन्हाचा होता.

थोरला काही बोलला नाही. धाकट्यानं मात्र विचारलं, "मग जळती कशानं?"

"संध्याकाळी वस्तीवर दाब पडतो. पेटीतच एकशेनव्वद. सुरू होताना मोटार तिप्पट-चौपट करंट मागती. तीस अँपिअर नि चार ओहम, तारंतच सव्वाशे व्होल्ट जात्यात. मोटार फिरंल कशी? नुसती घूं घूं करत करंट ओढत ऱ्हाती, नि कॉइल जळती. मोटार बी बरी हाय, जोड बी बरं हायेत. तार बारीक हाय."

सहा चौरस मिलिमीटरचं तांबं घेतलं तर रोध १.७ ओहमवर येतो, दहाचं घेतलं तर एकवर. पण ६०० मीटर जाड तांब्याचा भाव ऐकून थोरल्याचा चेहरा उतरला. मिस्त्रीनं वाट काढली. सोळा चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची केबल घ्या. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त, पण जाडीनं तो भरून निघतो, आणि पैसे बरेच वाचतात. फक्त टोकांना नीट लग दाबून लावायचे. तांब्याला अॅल्युमिनियम नुसतं पिळून जोडलं तर तिथं गंज धरतो आणि खरोखरच जोड तापतो.

पुढच्या आठवड्यात केबल आली. दोघा भावांनी चर खणून ती पुरली. लग लावायला मिस्त्री हत्यार घेऊन आला, तेव्हा थोरल्यानं ते त्याच्या हातून घेतलं आणि धाकट्यापुढे धरलं.

"ह्यानंच लावू द्या," तो म्हणाला. "ह्याचं जोड तपासून झाल्यात."