परक्या देहातलं प्रेम

मी नवरा-मुलं असलेली बाई. गोष्टी लिहिते त्या दोन पुरुषांच्या प्रेमाच्या. 'तुला काय ठाऊक?' हा प्रश्न रास्तच आहे. पण आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या दंडारीत, म्हणजे लोकनाट्यात, मिशा उतरवून गडीच बाई होत आले. ज्ञानदेवांनी बाईच्या आवाजात लिहिलेल्या विरहिणी तर आपण डोक्यावर घेतो.

शंकराचार्यांची दंतकथा मला अडवते. वादात विदुषी उभयभारतीने कामशास्त्रावर कोंडीत पकडलं, तेव्हा हा संन्यासी मेलेल्या अमरू राजाच्या देहात शिरला. इकडे शिष्य त्याचा मूळ देह राखत बसले होते. परतीची सोय होती! मलाही आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा निकाल लागला. त्याआधीची धास्ती माझ्या वाट्याला कधीच आली नाही.

माझे नायक झाडीपट्टीतल्याच प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत भेटतात. महादेव इथे, दर्गाही इथेच. एकाच्या हाती फुटाण्यांचा पुडा, दुसऱ्याचं बोट त्याच्या मनगटावरच्या लाल दोऱ्यात अडकलेलं. गर्दीत कुणी वळूनही बघत नाही. आपल्याकडे गडी हात धरून हिंडतातच. घरी स्थळ आलं की खरी पंचाईत.

लिहिण्याचा हक्क मी सोडणार नाही. मात्र ते खरं उतरलं का, हे तसं जगणाऱ्यांनी सांगावं, आणि खोटं वाटलं तर बेलाशक खोडावं.